तारीख बिलाच्या आधीची हवी

शाळा व्यवस्थापन समितीचं दप्तर समोर आलं की जाणता ऑडिटर आकड्यांकडे नंतर वळतो, आधी तारखा बघतो. ठराव कधीचा, दरपत्रकं कधीची, बिल कधीचं, साठा नोंदवहीत वस्तू कधी चढली आणि पैसे कधी दिले. या पाच तारखा याच क्रमाने पुढे सरकत असतील तर बेरीज तपासायला तो निवांत बसतो. बिल ४ तारखेचं आणि ते घ्यायचं ठरवणारी सभा ११ तारखेची निघाली, की पेन उघडलंच. जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या शाळांवर जे आक्षेप निघतात, त्यांत खाल्लेल्या पैशांपेक्षा उलट्यापालट्या तारखाच जास्त त्रास देतात. गंमत अशी की कागदावर गबाळेपणा आणि लबाडी हुबेहूब सारखी दिसते, आणि फरक सिद्ध करायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. सही करणारे दोघे असतात: मुख्याध्यापक आणि अध्यक्ष. त्यांतला अध्यक्ष हा शेतात किंवा कारखान्यात राबणारा पालक असतो, आणि आपण कशावर सही केली हे बरेचदा त्याला आक्षेप आल्यावरच कळतं.

समितीचा पैशाशी संबंध कायद्यानेच जोडलेला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, याचं कलम २१ वाचा. समितीची कामं तिथे चार सांगितली आहेत: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस, अनुदानाच्या वापरावर देखरेख, आणि शासन ठरवून देईल ती इतर कामं. तिसऱ्या कामाचे शब्द नीट पाहा. अनुदान शासनाचं, स्थानिक प्राधिकरणाचं ‘किंवा इतर कोणत्याही स्रोतातून’ आलेलं. म्हणजे गणेश मंडळाने दिलेले पैसे, माजी विद्यार्थ्यांची वर्गणी, एखाद्या कंपनीचा सीएसआर निधी, सगळं आलं. ‘ते लोकांचे पैसे आहेत, त्याचा सरकारी हिशेबाशी काय संबंध’ हे वाक्य ज्या शाळेत ऐकू येतं, तिथे आधी तेच खातं उघडून बघावं.

केंद्राच्या २०१० च्या नियमांनी यात आणखी तीन गोष्टी घातल्या. समितीकडे आलेला पैसा स्वतंत्र खात्यात ठेवायचा आणि ते खातं दरवर्षी लेखापरीक्षेला खुलं करायचं. वार्षिक जमाखर्चावर अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष आणि सदस्य सचिव (म्हणजे मुख्याध्यापक) यांनी सह्या करायच्या. आणि हिशेब तयार झाल्यापासून एक महिन्यात तो स्थानिक प्राधिकरणाकडे द्यायचा. अनुदानित खासगी शाळा आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीचं काम केवळ सल्ल्याचं राहिलं, विनाअनुदानित खासगी शाळांना तर ही समितीच लागू नाही. त्यामुळे इथून पुढचं सगळं जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिकेच्या शाळांबद्दल.

आधी समिती धड आहे का ते बघा

समितीची रचनाच चुकली असेल तर तिच्या ठरावालाही कुणी जुमानत नाही. महाराष्ट्रात सदस्य सचिव सोडून १२ ते १६ जण असतात. त्यांत किमान ७५ टक्के पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. १२ ची समिती असेल तर ९ पालक, १६ ची असेल तर १२. घोळ होतो तो १४ च्या समितीत. ७५ टक्के म्हणजे साडेदहा, आणि कायदा ‘किमान’ म्हणतो, म्हणून पालक ११ हवेत. १० घेतले की रचना चुकली. उरलेल्या जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा लोकप्रतिनिधी, शिक्षकांचा प्रतिनिधी आणि पालकांनी निवडलेला शिक्षणतज्ज्ञ. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच. मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य सचिव. दर दोन वर्षांनी पुनर्गठन, आणि महिन्याला किमान एक बैठक.

खरी फजिती बँकेत होते. अध्यक्षांचं मूल सातवी पास होऊन दुसऱ्या शाळेत गेलं, की ते ‘शाळेत दाखल बालकाचे पालक’ राहत नाहीत. पण बँकेतल्या नमुना सहीच्या कार्डावर त्यांचंच नाव. जूनमध्ये नवा अध्यक्ष निवडला जातो, बँकेचे कागद ऑक्टोबरपर्यंत रखडतात, आणि मधल्या काळातले चेक माजी अध्यक्षांच्या सहीने वटतात. बँक वटवते, कारण तिच्या लेखी तीच सही चालू आहे. ऑडिटर मात्र विचारतो की या तारखेला हे गृहस्थ समितीवर होते का. उपाय सोपा आहे. निवडीच्या सभेतच सहीबदलाचा स्वतंत्र ठराव लिहायचा, त्याची प्रत, नव्या अध्यक्षांची केवायसी कागदपत्रं आणि जुन्या अध्यक्षांची सही रद्द करण्याचं पत्र एकत्रच बँकेत द्यायचं, आणि बँकेकडून पोच घ्यायची. पोच मिळेपर्यंत चेकबुक कुलपात.

पैसा किती आणि कशासाठी

समग्र शिक्षा या केंद्र पुरस्कृत शालेय योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. २०२१ च्या सुधारित आराखड्यात ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १००० ला ७५,००० आणि त्यावर एक लाख, अशी कमाल मर्यादा आहे. यातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च झाली पाहिजे. ८४ पटाच्या शाळेचे २५,००० धरले तर २,५०० रुपये हे स्वच्छतेचे, हात न लावायचे. बाकीच्यात किरकोळ दुरुस्ती, वीजबिल, इंटरनेट, पाणी, खडू-कागद, खेळाचं साहित्य, बंद पडलेल्या वस्तूंची बदली. वर्षभराचं वीजबिल यातून भरायचं म्हटलं की उरतं किती, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला तोंडपाठ असतं. म्हणूनच वर्षाच्या सुरुवातीला वीजबिलाची बाराही महिन्यांची रक्कम बाजूला काढून मग बाकीचं वाटप करावं. बिल थकून लागलेला दंड अनुदानातून भरला, की तो खर्च मान्य होईल याची खात्री नाही.

गणवेशाचे पैसे वेगळे: दोन जोडांचे मिळून प्रतिलाभार्थी ६०० रुपये. २०२४-२५ मध्ये राज्याने कापड वरून पुरवून पाहिलं, पुढच्या वर्षासाठी अधिकार पुन्हा समित्यांकडे आला. अधिकार आला म्हणजे मापं, कापडाचा नमुना, दरपत्रकं आणि वाटपाची सहीयादी हेही आलं. सहीयादीत मुलाच्या नावापुढे पालकाची सही, तारीख आणि ‘दोन’ हा आकडा अक्षरात हवा. एकच जोड देऊन दोनाची सही घेतली गेली, अशी तक्रार आली तर उत्तर द्यायला तोच एक कागद असतो.

हे सगळे पैसे एकमेकांत मिसळायचे नसतात. गणवेशातले उरले म्हणून त्यातून कुंपणाची जाळी घेतली, तर जाळी कितीही गरजेची असली तरी तो निधी वळवलाच. बदल हवा असेल तर आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी, लेखी परवानगी आली तर खर्च, नाही आली तर रक्कम परत.

एका पंख्याची गोष्ट

नियम कागदावर कसे उतरतात ते एका साध्या खरेदीवर पाहू. बहुतेक इतिवृत्तांत ठराव असा असतो: ‘शाळेसाठी आवश्यक साहित्य खरेदी करण्याचे सर्वानुमते ठरले.’ हा ठराव नव्हे. यात वस्तू नाही, संख्या नाही, रक्कम नाही, पैसे कुठले ते नाही. असल्या एका ओळीखाली वर्षभरात काहीही विकत घेता येतं, म्हणून तो लिहिणाऱ्याला सोयीचा वाटतो आणि तपासणाऱ्याला संशयास्पद.

कामाचा ठराव असा: ‘इयत्ता तिसरीच्या वर्गातील दोन पंखे दुरुस्तीपलीकडे गेल्याने १२०० मिमीचे दोन नवीन छताचे पंखे, बसवण्याच्या खर्चासह, जास्तीत जास्त ५,००० रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदानातून खरेदी करावेत. दरपत्रके मुख्याध्यापक व दोन पालक सदस्यांनी मागवावीत. जुने पंखे निर्लेखनाच्या (नोंदवहीतून कमी करण्याच्या) यादीत घ्यावेत.’ खाली सूचक, अनुमोदक, आणि सभेला हजर असलेल्यांच्या सह्या. सह्या त्याच दिवशी, त्याच वहीत. ‘नंतर घरी जाऊन सह्या घेऊ’ म्हणणाऱ्या शाळेत एकाच व्यक्तीची सही तीन सभांना तीन तऱ्हेची सापडते. इतिवृत्ताच्या पहिल्या ओळीत हजर किती, त्यांत पालक किती, महिला किती, हे लिहिलं की गणपूर्तीचा वाद तिथेच मिटतो. शेवटच्या सहीनंतर उरलेल्या पानावर तिरकी रेघ मारायला विसरू नका. मोकळी जागा ठेवली की तिथे पुढे काहीतरी उगवतं.

मग दरपत्रकं. दरपत्रकाशिवाय किती रुपयांपर्यंत खरेदी चालते हे तुमच्या जिल्ह्याच्या चालू आदेशात बघा, त्यावरच्या रकमेला तीन हवीत. तिन्ही दुकानदारांकडे एकच मागणीपत्र गेलं पाहिजे, नाहीतर एकाने जीएसटीसह दर दिला, दुसऱ्याने विना, तिसऱ्याने बसवण्याचा खर्च धरला, आणि तुलनात्मक तक्ता करायचा कसा हा प्रश्न पडतो. तक्त्यात तिघांचेही दर कर, वाहतूक आणि बसवणं मिळवून एकाच पायावर आणायचे. सगळ्यात कमी दर नाकारायचा असेल तर कारण लिहा, ‘दर्जा’ एवढा एक शब्द पुरत नाही. आता तीन दरपत्रकांमधली ओळखीची चाल: तिन्ही वेगवेगळ्या लेटरहेडवर, पण अक्षर एकाच माणसाचं, आणि ‘ट्यूबलाईट’ तिन्हीकडे एकाच पद्धतीने चुकवलेलं. एक दुकानदार इतर दोघांची कोरी लेटरहेड ठेवून असतो आणि ‘सर, तीनही मीच देतो’ म्हणतो. त्याचा हा उपकार घेऊ नये. मर्यादेच्या आत बसावं म्हणून एकच खरेदी लागोपाठच्या दोन दिवसांत दोन बिलांत तोडणं हीसुद्धा तितकीच जुनी युक्ती, आणि बिलांचे क्रमांक शेजारशेजारचे असल्याने ती लगेच उघडी पडते.

बिल ‘अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती’ आणि शाळेचं पूर्ण नाव या पत्त्यावर हवं, मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक नावाने नको. छापील क्रमांक, तारीख, नग, दर, आणि कर लावला असेल तर जीएसटी क्रमांक. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या छोट्या) व्यापाऱ्याला गिऱ्हाईकाकडून कर वसूल करता येत नाही, तरी त्याच्या बिलावर कराची ओळ दिसली तर ते पैसे देऊ नका. कच्च्या चिठ्ठीला बिल म्हणत नाहीत. गवंडी, प्लंबर, झाडं कापणारा यांच्याकडे बिलबुक नसतं, तिथे हातपावती चालते. पण तिच्यावर नाव, गाव, काम काय, किती दिवस, रोजचा दर, एकूण रक्कम अंकी व अक्षरी, सही किंवा अंगठा, आणि अंगठा असेल तर साक्षीदार. ५,००० रुपयांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट.

बिल आलं की लगेच पैसे नाहीत. आधी पंखे मोजायचे, लावून फिरवून बघायचे, जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, चढवायचे आणि बिलाच्या मागे लिहायचं: ‘वरील साहित्य तपासून मिळाले. जडसंग्रह नोंदवही पान क्र. १७, अनु. क्र. ४ वर नोंद घेतली.’ खाली सही, तारीख. या दोन ओळी नसल्या की वस्तू आल्याचा पुरावाच नसतो. खडू, साबण, फिनाइल यांसारख्या संपणाऱ्या वस्तूंची वही वेगळी, तिच्यात वापरही लिहायचा. मग पैसे, मग प्रमाणकाला (व्हाउचरला) क्रमांक, आणि तोच क्रमांक रोकडवहीत. असं असलं की रोकडवहीतल्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवा, प्रमाणक निघतं, प्रमाणकावरून जडसंग्रहाचं पान, आणि पानावरून छताचा पंखा.

शून्य शिलकीचं खातं

१ जुलै २०२१ पासून केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा एकच नोडल संस्था आणि पीएफएमएस ही केंद्राची ऑनलाइन वित्त प्रणाली या वाटेने येतो. समग्र शिक्षासाठी शाळेच्या नावावर शून्य शिलकीचं खातं असतं. त्यात पैसे येऊन पडत नाहीत, खर्चाची मर्यादा मिळते. हा फरक ज्यांना उमगला नाही त्यांची रोकडवही पहिल्याच पानावर बिघडते: मर्यादा मिळाली त्या दिवशी २५,००० जमा धरले, १८,४०० खर्च झाले, ३१ मार्चला ६,६०० शिल्लक दाखवली. बँकेत मात्र शून्य, कारण ते ६,६०० शाळेकडे कधी आलेच नव्हते, न वापरलेली मर्यादा वर्षअखेरीस परत जाते. मर्यादेचं पान वेगळं ठेवा: मिळाली कधी, किती, कोणत्या शीर्षाखाली, वापरली किती. आणि रोकडवहीत प्रत्यक्ष व्यवहार झाला तेवढाच.

पोर्टलवर पैसे देताना एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी दोन हातांची रचना मुद्दाम केलेली आहे. प्रत्यक्षात दोन्ही लॉगिनचे पासवर्ड एकाच वहीच्या मागच्या पानावर आणि दोन्ही ओटीपी एकाच फोनवर. असं झालं की दुसऱ्या हाताला अर्थच उरत नाही. दुकानदाराचा खाते क्रमांक आणि आयएफएससी भरताना रद्द केलेला चेक किंवा पासबुकाची झेरॉक्स समोर ठेवावी, फोनवर ऐकून भरू नये. चुकलेला अंक व्यवहार परत पाठवतो, आणि तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात परत आला तर मर्यादा गेली, दुकानदार दारात. व्यवहार फसला की त्याची नोंदही ठेवा, नाहीतर तोच दोनदा भरला जातो.

मार्चचा प्रश्न इथेच सांगून टाकतो. मर्यादा बरेचदा उशिरा येते, हे खरं आणि त्यात शाळेचा दोष नाही. पण म्हणून मार्चमध्ये मिळेल ते विकत घेणं हा उपाय नाही. ठराव आणि दरपत्रकं जानेवारीतच तयार ठेवली, ‘निधी उपलब्ध झाल्यास’ असे शब्द ठरावात घातले, तर मर्यादा २० मार्चला आली तरी क्रम मोडत नाही. मोडतो तो ‘आधी आणू, एप्रिलमध्ये कार्योत्तर मंजुरी घेऊ’ म्हटल्यावर. कार्योत्तर मंजुरी ही वादळात उडालेल्या पत्र्यांसाठी असते, फुलदाण्यांसाठी नाही. आणि खर्च होण्याआधी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी खर्च झाल्याचा दाखला, मागितलं तर? मागणारा वरिष्ठ असला तरी, न झालेला खर्च झाला म्हणून लिहिलेला कागद शेवटी सही करणाऱ्याच्याच गळ्यात येतो. झाला तेवढा खर्च लिहा, उरलेला ‘अखर्चित’ दाखवा.

रोकडवही आणि पासबुक

देणगीच्या आणि इतर जुन्या खात्यांवर मात्र चेक, व्याज, शिल्लक सगळं असतं, आणि तिथे ताळमेळ लागतो. समजा ३१ मार्चला रोकडवही ६,१४० रुपये सांगते आणि पासबुक ८,१४३. घाबरायचं नाही, फरक शोधायचा. २७ मार्चला दिलेला १,८५० चा चेक अजून वटलेला नाही. बँकेने २१२ रुपये व्याज दिलं, ते रोकडवहीत घेतलेलं नाही. ५९ रुपये बँकेने कापले, तेही नाही. ६,१४० मध्ये २१२ मिळवा, ५९ वजा करा: ६,२९३. त्यात न वटलेले १,८५० मिळवा: ८,१४३. जुळलं. व्याज आणि कपात ३१ मार्चआधी रोकडवहीत घ्यायची, न वटलेल्या चेकचा क्रमांक ताळमेळ पत्रकात लिहायचा. हे दर महिन्याला केलं तर दहा मिनिटांचं काम आहे, तीन वर्षांनी एकदम केलं तर सुट्टी जाते. अनुदानावरचं व्याज शाळेची कमाई नव्हे हेही ध्यानात असू द्या, ते आदेशाप्रमाणे परत करावं लागतं.

रोकडवहीच्या पहिल्या पानावर ‘या वहीत १ ते १०० पाने आहेत’ असा दाखला आणि सही हवी. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी आद्याक्षरी. व्हाइटनर नको, गिरवणं नको, पान फाडणं तर नकोच. व्यवहार नसलेल्या महिन्यातही ‘निरंक’ लिहून शिल्लक पुढे ओढायची. सही करून ठेवलेले कोरे चेक ही सगळ्यात वाईट सवय. ‘अध्यक्ष ऊसतोडीला जातात, मग काय करणार’ हे कारण खोटं नाही, पण त्यावर तोडगा म्हणून जाण्याआधी ठराव करून उपाध्यक्षांना सहीचा अधिकार देता येतो. कोऱ्या चेकवर सही करणारा पालक आपलं घर गहाण टाकत असतो, एवढं त्याला कुणीतरी सांगायला हवं. सेल्फ चेकने रोख काढून खर्च केला की पैशाची वाट तिथेच तुटते, म्हणून चेक नेहमी दुकानदाराच्या नावाचा आणि क्रॉस केलेला.

तांदूळ हासुद्धा हिशेबच

शालेय पोषण आहारात पैशापेक्षा धान्याचा हिशेब जास्त चुकतो. प्रमाण ठरलेलं आहे: पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. आज पहिली ते पाचवीची ३८ मुलं जेवली आणि सहावी ते आठवीची २२, तर ३.८ आणि ३.३ मिळून ७.१ किलो. साठ्यातून नेमकी एवढीच वजावट, आणि जेवणाऱ्यांचा आकडा त्या दिवशीच्या हजेरीपेक्षा जास्त नको. शंका येते ती सलग २४ दिवस ६० चा ६० आकडा दिसला की. बाजाराच्या दिवशी आणि सणाच्या आदल्या दिवशी गावातली हजेरी पडते, हे तपासणाऱ्यालाही ठाऊक असतं.

पोतं ५० किलोचं म्हणून आलं तरी काट्यावर घातल्याशिवाय सही करू नका. ४८.५ भरलं तर चलनाच्या दोन्ही प्रतींवर ‘प्रत्यक्ष ४८.५ किलो’ लिहूनच पोच द्यायची. नाहीतर तो दीड किलो पुढे वर्षभर कागदावर शिल्लक राहतो आणि कोठीत सापडत नाही. किडलं, भिजलं तर त्याच दिवशी पंचनामा, महिनाअखेरीला नव्हे. रिकामी पोती मोजून ठेवा, त्यांचाही हिशेब विचारला जातो.

देणगी, वर्गणी आणि प्रवेश

लोकांनी शाळेला मदत करावी यात वावगं काही नाही. पण प्रवेशाच्या रांगेत ठेवलेली वर्गणीची वही ही वर्गणी राहत नाही. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे अधिसूचित शुल्काखेरीज प्रवेशाच्या वेळी घेतलेली देणगी वा वर्गणी म्हणजे कॅपिटेशन शुल्क, आणि त्यासाठी घेतलेल्या रकमेच्या दहापट दंडापर्यंत तरतूद आहे. दाखला देताना, निकाल देताना ‘ऐच्छिक’ मागितलेले शंभर रुपयेही ऐच्छिक नसतात.

पावतीपुस्तक क्रमांकित, कार्बन प्रतीचं, आणि किती पुस्तकं छापली, कुणाकडे दिली याची नोंदवही. जमा झालेली रोख दुसऱ्या कामाच्या दिवशी बँकेत भरायची. त्यातूनच सुतळी-खिळे आणून उरलेले भरले, की जमाही चुकली आणि खर्चही. आता ऑनलाइन वर्गणी मुख्याध्यापकांच्या किंवा एखाद्या उत्साही पालकाच्या वैयक्तिक नंबरवर मागवण्याची पद्धत पडली आहे. हेतू चांगला असला तरी ते पैसे त्यांच्या घरखर्चात मिसळतात आणि मग वेगळे काढता येत नाहीत. समितीच्या खात्याचाच क्यूआर मागवा. वस्तूरूपाने आलेली देणगी, म्हणजे पाण्याची टाकी, कपाट, टीव्ही, ठरावात स्वीकारायची आणि जडसंग्रहात अंदाजे किमतीसह चढवायची. न चढवलेली टाकी उद्या कुणी उचलून नेली तर तक्रार तरी कशाची करणार?

सदस्याचं स्वतःचं दुकान असेल तर? गाव लहान असतं, हार्डवेअरचं दुकान एकच असतं, आणि ते नेमकं उपाध्यक्षांच्या भावाचं. खरेदी करायला बंदी नाही असं गृहीत धरू नका, आधी आदेश बघा. करायचीच झाली तर नातं इतिवृत्तात लिहा, त्या विषयापुरतं त्यांनी सभेबाहेर बसावं, आणि शेजारच्या गावातली दोन दरपत्रकं आणावीत. लपवलेलं नातं आक्षेपात येतं. लिहून ठेवलेल्याला निदान उत्तर असतं.

पालक सदस्याने महिन्याला काय बघावं

फार नाही. पासबुक भरून आणायला सांगा आणि रोकडवहीशेजारी ठेवा. पासबुकात नावे पडलेली, म्हणजे खात्यातून गेलेली, प्रत्येक रक्कम रोकडवहीत आहे का, आणि रोकडवहीतल्या प्रत्येक खर्चाला इतिवृत्तात आधीच्या तारखेचा ठराव आहे का, एवढंच. मग बिलावरची एखादी वस्तू निवडून ‘दाखवा’ म्हणा. शिक्षकांना याचा राग येतो असं काहींना वाटतं, पण नीट काम करणाऱ्या मुख्याध्यापकाला असा सदस्य हवाच असतो, कारण वरून दबाव आला की ‘समिती विचारते’ हे उत्तर त्याला देता येतं. मागच्या महिन्याचा जमाखर्च एका पानावर सूचनाफलकावर लावा. तो न दाखवणाऱ्या शाळेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तेव्हा फलकावर लावणं शाळेलाच स्वस्त पडतं.

मुख्याध्यापकांची बदली झाली तो दिवस सगळ्यात जोखमीचा. निरोपाचा नारळ आणि शाल यांच्या गडबडीत कार्यभार ‘सगळं कपाटात आहे’ या वाक्यावर सोपवला जातो. त्याऐवजी यादी करा: रोकडवहीची अखेरची शिल्लक अंकी व अक्षरी, त्याच तारखेचं पासबुक, न वापरलेल्या चेकचे पहिला आणि शेवटचा क्रमांक, कोरी आणि अर्धवट पावतीपुस्तकं, पीएफएमएसचे वापरकर्ता आयडी आणि त्यांना जोडलेला मोबाइल नंबर बदलल्याची खातरजमा, तांदळाचं प्रत्यक्ष वजन, जडसंग्रहातली प्रत्येक वस्तू मोजून. देणारे, घेणारे आणि अध्यक्ष, तिघांच्या सह्या, तीन प्रती. आणि नवे मुख्याध्यापक सही करण्याआधी तो पंखा एकदा चालू करून बघतील तर बरं.